मामांचा साडेसात इंची पडदा

कासारवाडी,
९ जानेवारी २०२६

चि. मैत्रीस,
मामाचा सप्रेम जय भीम.

तू पाठवलेली साबणाच्या डबीएवढी वस्तू तुमच्या कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरने, सुजितने, काल सकाळी बस थांबवून माझ्या हातात दिली. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न मारला असणार, कारण सुजित हात जोडत परत पळाला. हा कॉम्प्युटर आहे यावर तुझ्या मामीचा अजून विश्वास नाही. तिने तो दोनदा उचलून खाली बघितलं, बाकीचा कुठे राहिला म्हणून.

तू लिहिल्याप्रमाणे त्याची वायर टीव्हीला लावली, माइक टेबलावर ठेवला आणि मामीला म्हटलं, बोल काहीतरी. ती बोलेना. मग कंटाळून स्वयंपाकघराकडे वळली आणि टीव्हीवर वीतभर अक्षरांत उमटलं, 'या वयात हे काय नवीन खूळ'. मैत्री, मी बसल्या जागी टाळ्या वाजवल्या. पंधरा वर्षांत तिचं पाठमोरं बोलणं मला पहिल्यांदा कळलं.

पण टीव्ही कामाचा नाही. २२ फेब्रुवारीला, रविवारी, आपल्या अंजलीच्या लग्नाची बैठक घरी आहे. सनी मुलगा चांगला आहे, दोघांनी एकमेकांना पसंत केलंय, आपण फक्त तारीख, जागा आणि किती माणसं ते ठरवायचं. आपल्या थोरल्या बुद्धरत्नच्या लग्नाच्या बैठकीत माझं काय झालं ते तुझी आई अजून सांगत असेल. व्याह्यांनी विचारलं, स्वागत समारंभ तुमच्याकडे, चारशे माणसं धरू ना? मला काही ऐकू आलं नव्हतं. मी आपली सवयीने मान हलवली. तेव्हापासून घरात कसलीही बैठक असली की प्रश्न मामीला विचारतात आणि मी खुर्ची भरायला असतो.

अंजलीच्या वेळी मला खुर्ची भरायची नाही. मी तिचा बाप आहे. प्रश्न मला कळला पाहिजे आणि उत्तर मी दिलं पाहिजे, एवढंच माझं मागणं आहे.

एकतीस वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांत काढली, कान तिथेच राहिले. कानातलं यंत्र लावलं तर चार माणसांच्या बोलण्याचं ते पुन्हा प्रेस शॉप करतं. ओठांवरून ओळखीच्या माणसाचं थोडंफार कळतं, पण सनीच्या वडिलांना मिशा आहेत आणि त्या खालच्या ओठापर्यंत आल्या आहेत. मोबाइलवर अक्षरं उमटवून बघितली, तर लोकांना वाटतं म्हातारा क्रिकेटचा स्कोअर बघतोय. आणि पाहुण्यांकडे पाठ करून टीव्ही बघत बसलो तर लग्न त्याच दिवशी मोडेल.

तेव्हा मला छोटा मॉनिटर हवा. टेबलावर मावणारा, भिंतीतल्या प्लगशिवाय चालणारा, कारण हा डबा मला विहारात आणि लग्नाकार्यालाही न्यायचाय. कोणता घ्यावा ते सांग. नीट सांग, दुकानदारासारखं नको.

तुझा,
भीमराज मामा

ता. क. चिठ्ठीच का, असं विचारू नकोस. अंगठ्याचं टोक चौऱ्याण्णव साली प्रेसला दिल्यापासून मोबाइलवर एक अक्षर दाबलं की तीन उमटतात. पेन अजून धरता येतं. शिवाय तुमच्या गेटवर मोबाइल जमा करतात, त्यापेक्षा सुजितची बस बरी.


चाकण,
१२ जानेवारी २०२६

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

मामीचं 'खूळ' वाचून मी कॅन्टीनमध्ये एकटीच हसले. शेजारच्या ताईंनी विचारलं, कुणाचं पत्र? मी म्हटलं मामांचं. त्या म्हणाल्या, पत्र? आणि जेवण सोडून बघायला आल्या.

आता मॉनिटरचं. तुम्हाला बुद्धरत्नदादाच्या ऑफिसमधला जुना मॉनिटर फुकट मिळेल, पण घेऊ नका. तो एकटा वीस वॉट खातो. आपली डबी सहा वॉटवर चालते. म्हणजे ट्रकच्या ड्रायव्हरपेक्षा क्लीनरच तिप्पट जेवणार. तुमच्याकडे जी पॉवर बँक आहे तिच्यातून हातात येतात सुमारे तीस वॉट-तास. सहा वॉटचं काम पाच तास चालेल, बारा वॉटचं अडीच तास. असं मांडलं की निवड सोपी होते.

दहा इंची साधा स्क्रीन छान दिसतो, पण सात वॉट घेतो. डबीसकट सव्वादोन तासांत खेळ खलास. आपल्याकडची कुठली बैठक सव्वादोन तासांत उठते?

सात इंची साधा स्क्रीन तीन वॉट घेतो. डबीसकट सव्वातीन तास पुरेल. पण तो चकाकतो, आणि तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय.

तिसरा आहे कागदी पडदा. साडेसात इंच. त्याला ई-पेपर म्हणतात, दिसायला छापील पानासारखा. मागून उजेड नाही, चकाकी नाही, उन्हातही वाचता येतो. वीज लागते ती फक्त अक्षरं बदलताना. पण दोन खोडी आहेत. एक, बोलणं संपल्यावर दोन-तीन सेकंदांनी वाक्य उमटतं. दुसरी, वीज गेली तरी शेवटचं वाक्य तसंच राहतं. आठवडाभर ठेवा, महिनाभर ठेवा, हलणार नाही. मशीन पुन्हा चालू केलं की पुसतं.

टेबलावर किती लांबून वाचणार ते मोजून कळवा. आणि मामीला नमस्कार सांगा, खूळ माझं आहे म्हणावं.

तुमची,
मैत्री


कासारवाडी,
१४ जानेवारी

मैत्री बाळा,
मामीचा जय भीम.

ही चिठ्ठी ह्यांना म्हाईत न्हाई. ते सकाळी फिराया गेल्यावर मी सुजितला गाठलं. माझं अक्षर सातवीतलं हाय, सांभाळून घे.

तू तो पडदा पाठवणार हायेस तर लई बारका पाठव. चार बोटांएवढा असंल तर बरं. मोठा नको. टेबलावर जागा न्हाई, लाइटबिल वाढतंय, धूळ बसती, आन् त्यांच्या डोळ्याला तरास. त्यांना वाचाया आलं न्हाई तरी चालंल. म्हंजी तसं न्हाई, पर बारकाच पाठव.

आन् तो दोन-तीन सेकंद उशिरानं लिहिणारा हाय ना, त्याला अजून उशीर करता येतो का? धा मिनिटं वगैरे?

त्यांना यातलं काही कळवू नको.

तुझी मामी,
कस्तुरा


चाकण,
१६ जानेवारी

प्रिय मामी,
सप्रेम जय भीम.

अहो, लाइटबिलाची काळजीच नको. हे सगळं मिळून तुमच्या देवळीतल्या झिरोच्या बल्बएवढंच खाणार. कागदी पडदा तर वाक्य लिहून झालं की उपाशीच बसतो. जागाही कॅलेंडरच्या अर्ध्या पानाएवढी लागेल. डोळ्यांना त्रास तर उलट कमी होईल.

दहा मिनिटं उशीर करता येतो, पण मग पाहुणे चहा पिऊन घरी गेल्यावर मामांना कळेल की चहा घेणार का असं विचारलं होतं.

मामी, तुम्हाला या बैठकीची धास्ती वाटतेय का? मामा गडबड करतील असं? नाही करणार. यावेळी त्यांना प्रश्न वाचता येईल.

तुमची,
मैत्री


कासारवाडी,
१९ जानेवारी

मैत्री बाळा,

तू हुशार हायेस पर तुला कळलं न्हाई. आता खरं सांगते.

मला धास्ती ह्यांची न्हाई. तुझ्या जाईमावशीची हाय. आक्का आकुर्डीहून दर रईवारी येत्यात आन् बैठकीला त्याच थोरल्या म्हणून पुढं बसणार. त्यांचं बोलणं तुला ठावं हाय. तुझे मामा पन तसलेच होते, जशास तसं. दोन हजार चारला एका शब्दावरनं दोघं भावंडं चार वर्सं बोलत न्हवती. मग ह्यांचे कान गेले. आक्का आल्या की काय म्हंत्यात ते मी हातानं सांगाया लागले, त्या प्रेस शॉपच्या खुणा ह्यांनीच मला शिकवलेल्या.

आक्का म्हणाल्या, या घरात चहात साखर टाकायची पद्धत न्हाई का, तर मी खुणेनं सांगितलं, चहा छान झालाय म्हंत्यात. आक्का म्हणाल्या, भिमा वाळला, बायको खाया घालत न्हाई वाटतं, तर मी सांगितलं, तुमच्या तब्येतीची चौकशी करत्यात. अंजलीला एवढं शिकवून आता नवरा कुठला मिळायचा, म्हणाल्या. मी सांगितलं, अंजलीचं कौतुक करत्यात. हे खूश होत्यात. म्हंत्यात, आक्का म्हातारपणी किती मवाळ झाली गं. आन् जाताना आक्काच्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू घालत्यात.

पंधरा वर्सं मी असं करत आले. खोटं बोलले म्हण. पर भाऊ-बहीण एका ताटात जेवत्यात. आता तुझा पडदा आला की आक्काचं पहिलं वाक्य जसंच्या तसं उमटंल. आन् तू म्हंतीस ते पुसत पन न्हाई. वीज गेली तरी राहतं. आगं, मग ते वाक्य घेऊन मी कुठं जाऊ?

अंजलीच्या बैठकीत दोघं भांडली तर सनीच्या घरचे काय म्हंतील? ह्यांनी बोलावं असं मलाबी वाटतं. लई वाटतं. पर भ्या वाटतं त्याचं काय करू?

कस्तुरा


कासारवाडी,
२० जानेवारी २०२६

चि. मैत्रीस,
सप्रेम जय भीम.

मोजमाप झालं. तुझ्या तिन्ही मॉनिटरच्या मापाचे पुठ्ठे कापले, त्यांवर पेपरातल्या ओळी चिकटवल्या आणि टेबलावर एकेक ठेवून खुर्चीत बसलो. डोळ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत स्टीलच्या पट्टीने बावीस इंच. साडेसातच्या पुठ्ठ्यावर मथळ्याएवढी अक्षरं चष्म्यातून स्वच्छ दिसतात, ओळी चार मावतात. चार ओळींपेक्षा मोठा प्रश्न कुणी विचारला तर तो भाषण करतोय, त्याला उत्तर द्यायची गरज नाही.

दहाचा पुठ्ठा मी बाजूला ठेवला. वीज तर आहेच, पण तो उभा केला की समोरच्या माणसाचं तोंड झाकतं. मला वाचायचंय, लपायचं नाही. आम्ही डायवर, म्हणजे साच्यावर, मापाचा गेज लावायचो तो केवढासा असायचा, पण नजरेसमोर असायचा. तसंच हे.

कागदी पडदा पाठव. दोन-तीन सेकंद उशीर चालेल. मला पंधरा वर्षं सगळं दुसऱ्या दिवशीच कळत आलंय.

एक अट आहे. मशीनला इमर्जन्सी स्टॉप पाहिजे. लाल, फुगीर, तळव्याने दाबता येईल असा. दाबला की सगळी वीज बंद. हसू नकोस. लाल बटण नसलेलं मशीन मी आयुष्यात चालवलं नाही आणि आता चालवणार नाही. आणि ते ऑपरेटरच्या नाही, हेल्परच्या हाताशी पाहिजे. ऑपरेटरचं लक्ष कामात असतं, धोका आधी शेजारच्याला दिसतो. माझ्या शेजारी तुझी मामी बसेल. ते तिच्या बाजूला लाव.

स्टँड मी करतोय. पत्रा आणलाय. पडद्याचं माप साडेसात इंच, त्याप्रमाणे खाच कापतो.

तुझा,
भीमराज मामा


चाकण,
२४ जानेवारी

प्रिय मामी,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. माझ्या त्या झिरोच्या बल्बच्या हिशोबाची मला लाज वाटली. तुम्ही घर सांभाळत होतात आणि मी वॉट सांगत बसले.

मामी, मी खोटं लिहिणारं मशीन करणार नाही. जाईमावशीचं नाव आलं की गोड लिही, असं त्याला शिकवता येईलही, पण मग मामांना बैठकीत काय खरं कळलं? चारशे माणसांसारखंच होईल पुन्हा.

पण मामांनी स्वतःच एक गोष्ट मागितली आहे. लाल बटण. आणि ते तुमच्या हाताशी हवं असा त्यांचा हट्ट आहे. दाबलं की सगळं थांबतं. ते मी लावतेय, त्यांच्याच सांगण्यावरून. पुढचं तुमच्यावर.

माझं ऐकाल तर त्याआधी मामांना सांगून टाका. पंधरा वर्षांचं आहे म्हणून जड वाटतंय, पण त्यात वाईट काय आहे?

तुमची,
मैत्री

ता. क. मामांना म्हणावं स्टँडची खाच कापायची थांबवा. स्क्रीनचं माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं धरतात. पडदा साडेसात इंच रुंद नाही.


कासारवाडी,
८ फेब्रुवारी २०२६

चि. मैत्रीस,
सप्रेम जय भीम.

खोकं पोचलं. तुझा तिरप्या मापाचा निरोप मामीने मला खाच कापून झाल्यावर दिला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजायची ही कुठली पद्धत? आमच्याकडे कुणी असं माप दिलं असतं तर इन्स्पेक्टरने माल परत पाठवला असता. एकतीस वर्षांत माझा एक तुकडा स्क्रॅप गेला नाही आणि निवृत्तीनंतर पहिलाच गेला. पडदा बसवला तर उजवीकडे इंचभर फट.

मग बघितलं, तर लाल बटणाला जागा हवीच होती. त्या फटीवर पट्टी मारून बटण बसवलं. मामीच्या बाजूलाच आलं. आता कुणी विचारलं तर मी सांगतो, असंच डिझाइन होतं.

पहिली चाचणी काल झाली. मी मशीन लावून वाट बघत बसलो. मामी आली, काहीतरी पुटपुटली आणि गेली. मी मोजलं, एक, दोन, आणि कागदावर छापल्यासारखं उमटलं, 'चहा गार होतोय'.

एवढंच. पण मैत्री, मला भरून आलं. चहाची खूण ती मला रोज करते, मूठ वळून तोंडाशी नेते. पण टीव्हीवरचं ते खूळ सोडलं तर तिचं बोलणं तिच्याच शब्दांत मी किती वर्षांनी वाचलं. चहा खरंच गार झाला. ती येऊन बघते तर मी पडद्यापुढे बसलेला, म्हणून रागावली आणि तेही उमटलं. तेही मी वाचून काढलं.

पॉवर बँक सकाळपासून चालू आहे. चार तास पन्नास मिनिटं झाली. तुझा हिशोब बरोबर आहे.

मामी मात्र या खेळात गप्प गप्प आहे. लाल बटण रोज फडक्याने पुसते. तुला काही माहीत आहे का?

तुझा,
मामा


चाकण,
१० फेब्रुवारी

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

स्क्रॅपबद्दल माफी. पुढच्या वेळी माप लांबी-रुंदीत कळवीन.

मामींबद्दल मला माहीत आहे, पण ते त्यांचं त्यांनी सांगायचं. मी मध्ये आले तर शोभणार नाही. एवढंच सांगते, काळजीसारखं काही नाही.

बैठकीला पॉवर बँक आदल्या दिवशी पूर्ण भरा. माइक टेबलाच्या मधोमध ठेवा, पोह्यांच्या बशीपासून लांब. आणि पाहुण्यांना आधीच सांगा, की हा माझा कान आहे, एकेकाने बोला. लोक समजून घेतात, मामा. आपणच उगाच लपवतो.

मला सुट्टी नाही मिळाली. जीव तिकडेच असेल.

मैत्री


कासारवाडी,
२३ फेब्रुवारी

मैत्री बाळा,

बैठक झाली. अंजलीचं ठरलं. लग्न मेमध्ये, पौर्णिमेच्या पुढल्या रईवारी, इथल्याच विहारात. ते सगळं तुझे मामा लिहितील. मी माझं लिहिते, कारण मला झोप न्हाई.

मी त्यांना काही सांगितलं न्हवतं. तू म्हणालीस तरी जमलं न्हाई. सकाळी दोनदा तोंड उघडलं आन् पोहे करपतील म्हणून आत गेले.

ह्यांनी पहिल्यांदाच उभं राहून सगळ्यांना सांगितलं, मला ऐकू येत न्हाई, हा माझा कान हाय, त्याच्याशी एकेकानं बोला. सनीच्या वडलांनी लगेच खुर्ची पुढं वढली आन् मिशा वर करून हळूहळू बोलाया लागले. सनीची आई मात्र सवयीनं माझ्याकडं बघून म्हणाली, किती माणसं धरायची ताई? तवा अंजली म्हणाली, ते बाबांना विचारा.

दोन-तीन सेकंद झाले. पडद्यावर तिचं वाक्य उमटलं. ह्यांनी वाचलं आन् मान वर केली. आन् तेवढ्यात आक्कानं तोंड उघडलं. मैत्री, माझा हात आपोआप गेला. धाडकन बटण दाबलं.

आन् आक्का काय म्हणाल्या ठावं हाय? म्हणाल्या, "बराबर हाय. त्यालाच इचारा. बाप हाय त्यो तिचा."

पंधरा वर्सांत आक्का एकदा चांगलं बोलल्या आन् तेच मी गिळलं. मशीन बंद. मी तिथंच ह्यांना खुणेनं सांगितलं, अगदी शब्दाला शब्द, काही न घालता. तर हे माझ्याकडं बघून गालात हसले. त्यांना वाटलं असंल, कस्तुरा नेहमीसारखं गोड करून सांगती. आता मी खरं सांगितलेलं त्यांना कसं पटवू? आक्काला पुन्हा म्हणा म्हटलं तर त्या म्हणायच्या न्हाईत.

कस्तुरा


कासारवाडी,
२४ फेब्रुवारी २०२६

चि. मैत्रीस,
मामाचा सप्रेम जय भीम.

दीडशे. ताठ बसून सांगितलं, दीडशे माणसं, रविवार सकाळ, विहार. सनीचे वडील म्हणाले, आमची ऐंशी होतील. मी म्हटलं, मग आमची सत्तर. हे सगळं बोलणं मशीन बंद असताना झालं. त्यांनी बोटं दाखवली, मी बोटं दाखवली. ते भोसरीला फोर्जिंगच्या कारखान्यात होते म्हणे, तिथेही असंच बोलतात. मिशांचं मी उगाच मनाला लावून घेतलं होतं.

बटण मामीने का दाबलं ते मला माहीत आहे. आता तुला एक सांगतो, ते तू तिला इतक्यात सांगू नकोस.

ओळखीच्या माणसाचं मला ओठांवरून थोडंफार कळतं असं मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तुझ्या जाईमावशीचं थोडंफार नाही, सगळंच कळतं. लहानपणापासून ते तोंड बघतोय आणि ती शब्द चावून चावून बोलते. साखर नाही, वाळलाय, एवढं शिकवून काय करणार, सगळं मी पंधरा वर्षं दर रविवारी वाचतोय. आणि त्याच वेळी बाजूला मामीचे हात बघतोय. आक्का ओठांनी शिव्या घालते आणि मामी हातांनी त्यांची फुलं करते. असली करमणूक सोडून मी भांडत कशाला बसू? पहिल्या वर्षी राग यायचा. पण कळलं, की तुझी मामी माझी बहीण मला दर रविवारी थोडी थोडी परत आणून देतेय. मग राग राहिला नाही.

म्हणून इमर्जन्सी स्टॉप तिच्या हाताशी मागितला होता. मशीन आलं की ती घाबरणार हे मला माहीत होतं. तिच्या हातात काहीतरी असायला हवं होतं.

आक्का त्या दिवशी काय म्हणाली तेही मी ओठांवर वाचलं. नंतर मामीने तेच हातांनी सांगितलं, शब्दाला शब्द. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओठ आणि हात जुळले. मला हसू आलं ते त्यामुळे. आता ती बिचारी कालपासून मला पटवतेय, की आक्का खरंच असं म्हणाली. मी मान हलवतोय, तर तिला ही माझी जुनी मान वाटतेय. रविवारी आक्का आली की मी तिच्यासमोर मामीला सगळं सांगणार आहे. भांडण झालंच तर दोघी मिळून माझ्याशी करतील, ते मला चालेल.

आता कामाचं. मला असाच दुसरा पडदा पाठव. तेच माप, साडेसात, तिरपंच. स्टँड तयार आहे.

पहिला बिघडलेला नाही. बटण दाबल्यापासून मी तो चालूच केलेला नाही. मशीनमधून सोडवून खिडकीजवळ भिंतीला लावलाय. वायर नाही, वीज नाही, आणि तरी सकाळी उन्हात स्वच्छ वाचता येतं, 'ते बाबांना विचारा'. चालू केला तर ते पुसेल.

तेव्हा तो आता रिकामा नाही.

तुझा,
भीमराज मामा